राहिलेला टाका : नव्या वस्त्रावरील तात्पुरत्या खुणांचा अर्थविचार

१

नव्या तयार कोटाच्या मागच्या चिरेवर दोऱ्याची एक फुली असते. बाहीच्या टोकाशी, चार कोपऱ्यांवर चार टाके घालून, कापडाच्या किंवा कारखान्याच्या नावाची एक पट्टी अडकविलेली असते. खिशांची तोंडे कच्च्या शिलाईने बंद केलेली असतात. कोट प्रथम अंगावर घालण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी काढून टाकावयाच्या, असा संकेत आहे. परंतु हा संकेत बहुधा कोटावर कोठेही लिहिलेला नसतो. ज्याला तो ठाऊक आहे तो टाके काढतो. ज्याला ठाऊक नाही तो फुली आणि पट्टी यांसह समारंभात वावरतो, आणि ठाऊक असलेले त्याच्या पाठीमागे हसतात.

हा विषय वरवर पाहता समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे खूण आहे, ती करणारा आहे, ती ज्याच्यासाठी केली तो आहे आणि तिचा भलताच अर्थ लावणारा एक तिसराही आहे, तेथे अर्थविचार अप्रस्तुत ठरत नाही. शिवाय, वस्त्रावर राहून गेलेल्या खुणेला चित्रकलेने, कथेने व विनोदी रंगभूमीने आपल्या उपयोगासाठी उचलले आहे. आणि वस्त्राच्या अर्थाविषयी ज्यांनी गंभीरपणे लिहिले त्यांच्या सिद्धान्तांना ही क्षुल्लक खूण अडचणीत आणते. राहिलेल्या टाक्याला हसणारा मनुष्य तो परिधान करणाऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा मानतो. हा निर्णय खुणेच्या अपुऱ्या वाचनावर आधारलेला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

नव्या वस्त्रावरील खुणा एकाच जातीच्या नसतात. त्यांचे निदान तीन वर्ग करावे लागतात.

पहिला वर्ग कच्च्या टाक्याचा. कापडाचे कापलेले तुकडे पक्की टीप पडेपर्यंत जागच्या जागी राहावेत, यासाठी शिंपी हाताने लांब लांब धावदोरा घालतो. टीप पडली की त्या दोऱ्याचे काम संपते. चिरेवरची फुली आणि खिशावरची शिलाई ही त्याच कुळातील. कोट कारखान्यातून दुकानात जाईपर्यंत आणि दुकानात टांगलेला असेपर्यंत चिरेच्या कडा मुडपू नयेत, खिसे सैल पडून त्यांचा आकार बिघडू नये, एवढाच तिचा उद्देश. हा दोरा सहज ओढून निघेल असा सैल घातलेला असतो आणि पुष्कळदा त्याचा रंगही कापडाहून वेगळा ठेवलेला असतो. आपण राहण्यासाठी आलेलो नाही, हे तो आपल्या घडणीतूनच सांगत असतो. मात्र ही भाषा शिवणकाम जाणणाऱ्यालाच कळते.

दुसरा वर्ग विक्रेत्याच्या खुणेचा. किमतीची चिठ्ठी आणि बाहीवरची पट्टी या वर्गात येतात. दुकानात कोट दांडीवर एकास एक लागून टांगलेले असतात आणि ग्राहकाच्या नजरेस प्रथम पडते ती बाहीच. म्हणून पट्टी बाहीवर. विक्री झाली की तिचा निरोप पोहोचला.

तिसरा वर्ग आतल्या लेबलाचा. १८५८ साली पॅरिसमध्ये आपली पेढी काढणारा इंग्रज पोशाखकार चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याने पोशाखाच्या कमरपट्टीच्या आतल्या अंगास आपले नाव घालण्याची प्रथा रूढ केली. चित्रकार चित्रावर सही करतो, तसाच हा कर्तृत्वाचा दावा होता. हे लेबल लपलेले असते, परंतु कायमचे असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची तुलना उद्बोधक आहे. एकच नाव एकाच कोटावर दोनदा येते : एकदा बाहेर, ठळक, परंतु काढून टाकण्यासाठी; एकदा आत, अदृश्य, परंतु जपून ठेवण्यासाठी. दोन्ही पट्ट्या विणलेल्या, दोन्ही शिवलेल्या. किमतीची चिठ्ठी सुतळीने किंवा दोरीने लोंबत असते आणि म्हणून ती काढावयाची हे कोणासही शिकवावे लागत नाही. परंतु जे शिवलेले आहे ते राहण्यासाठी आहे, हे अनुमान सर्वस्वी समंजस आहे. वस्त्राविषयीचा आपला रोजचा अनुभव तेच सांगतो. बाहीवरची पट्टी तशीच ठेवणारा मनुष्य हेच अनुमान करीत असतो. त्याचा तर्क चुकलेला नसतो. एका अपवादाची माहिती मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. येथे मूर्खपणा आणि माहितीचा अभाव यांत भेद करणे अवश्य आहे, आणि हसणारा नेमका हाच भेद करीत नाही.

३

राहिलेल्या खुणेचा कलेत झालेला सर्वांत प्रसिद्ध उपयोग जॉन टेनिएलच्या चित्रात आहे. लुइस कॅरॉलच्या ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ या १८६५ च्या पुस्तकातील टोपीवाल्याच्या उंच टोपीवर किमतीची चिठ्ठी खोचलेली आहे. दहा शिलिंग सहा पेन्स ही तीवरची किंमत वाचता येते. चहापानाच्या प्रसंगाच्या मूळ संहितेत या चिठ्ठीचा उल्लेख नाही. ती चित्रकाराने आणली. परंतु पुढे अकराव्या प्रकरणात, न्यायालयात राजा टोपीवाल्यास टोपी काढावयास सांगतो, तेव्हा ही टोपी आपली नव्हे असे तो उत्तर देतो. राजा ती लगेच चोरीची ठरवितो. आणि टोपीवाला खुलासा करतो की, आपण टोप्या विकण्यासाठी बाळगतो, स्वतःची अशी एकही नाही. १८९० साली लहान मुलांसाठी केलेल्या ‘द नर्सरी ॲलिस’ या आवृत्तीत कॅरॉलने हीच गोष्ट चित्रातील चिठ्ठीकडे बोट दाखवून स्पष्ट केली.

या प्रसंगाचे मर्म विनोदापेक्षा खोल आहे. ज्या टोपीवर चिठ्ठी आहे ती डोक्यावर असूनही डोक्याची झालेली नाही. अंगावर असणे आणि आपले असणे या दोन भिन्न अवस्था आहेत, आणि चिठ्ठी त्यांच्यामधील सीमारेषा दाखविते. राजाची चूकही लक्षात घेण्याजोगी आहे. चिठ्ठी समोर दिसत असता तो ती वाचीत नाही. माणसाविषयी निर्णय मात्र तत्काळ देतो. राहिलेल्या टाक्यास हसणाऱ्या जगाचे हे नेमके चित्र आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओवरील संगीतकार्यक्रमात १९४० साली सारा कॉली या अभिनेत्रीने मिनी पर्ल नावाची खेडवळ स्त्री प्रथम सादर केली, आणि पुढे अनेक दशके ती भूमिका केली. मिनी पर्लची ओळख म्हणजे फुलांनी सजविलेली गवती टोपी व तिच्यावरून लोंबणारी एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटची चिठ्ठी. चिठ्ठी काढावयाची राहून गेली, असा या विनोदाचा घाट आहे. परंतु प्रेक्षकांचे हसणे तुच्छतेचे होत नाही. कारण मिनी पर्लला टोपीचा खरोखरीचा आनंद झालेला आहे, आणि किंमत लपविण्याजोगी लाजिरवाणी गोष्ट आहे हे तिच्या गावीही नाही. चिठ्ठी लपविण्याचा शहरी संकेतच तिच्या भोळेपणापुढे किंचित हास्यास्पद होतो.

असे असले तरी या विनोदाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. रंगमंचावर चिठ्ठी राहिली आहे हे भूमिकेला ठाऊक नसते. पण नाट्यशिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीला ते पुरते ठाऊक असते. प्रेक्षक निःशंकपणे हसू शकतो, कारण कोणाचा खरा अपमान होत नाही. प्रत्यक्ष जीवनात फुलीसह वावरणाऱ्या माणसास हे संरक्षण उपलब्ध नाही. कलेतील निरागसतेचे कौतुक करणारा प्रेक्षक नाट्यगृहाबाहेर पडल्यावर त्याच निरागसतेची थट्टा करतो, यात विसंगती आहे.

४

वस्त्राच्या सामाजिक अर्थाची मीमांसा करणाऱ्यांमध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेन याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८९९ च्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात त्याने पोशाखाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पोशाख ही खर्च करण्याच्या ऐपतीची जाहिरात असते, आणि ती सर्वांच्या नजरेस सदैव पडत असल्यामुळे विशेष प्रभावी ठरते, हे त्याच्या विवेचनाचे सार. या दृष्टीने पाहता बाहीवरची पट्टी ठेवणारा मनुष्य प्रदर्शनप्रिय ठरतो. काही ठिकाणी हे खरेही आहे. अमेरिकेत तरुणांच्या एका वर्गात बेसबॉलच्या टोपीच्या झापेवरील गोल चकाकती चिकटपट्टी मुद्दाम ठेवली जाते. टोपी नवी आहे आणि अस्सल आहे, हे तिने सांगावे अशी अपेक्षा असते. तेथे खूण ठेवणाऱ्यास संकेत ठाऊक आहे आणि त्याने तो जाणूनबुजून उलटविला आहे.

परंतु व्हेब्लेनचा सिद्धान्त कच्च्या टाक्याच्या फुलीला लागू पडत नाही. फुलीवर कोणाचे नाव नसते, किंमत नसते. तिच्यातून कोणतीही ऐपत प्रकट होत नाही. शिवाय ती पाठीमागे असते, म्हणजे ज्याच्या अंगावर आहे त्यालाच दिसत नाही. जी खूण दाखविणाऱ्याला दिसत नाही ती प्रदर्शन कशी म्हणावी? ठेवलेली खूण आणि राहिलेली खूण बाहेरून सारख्याच दिसतात, त्यांचा अर्थ मात्र परस्परविरुद्ध असतो. केवळ पाहणाऱ्याच्या बाजूने विचार करणाऱ्या सिद्धान्तास हा भेद दाखविण्याची सोय नाही.

रोलाँ बार्थ याने ‘सिस्तेम द ला मोद’ या १९६७ च्या ग्रंथात वस्त्राची तीन रूपे कल्पिली : प्रत्यक्ष वस्त्र, चित्रातील वस्त्र आणि शब्दांतील वस्त्र. त्यांपैकी फॅशनविषयक नियतकालिकांतील शब्दरूप वस्त्र त्याने अभ्यासास घेतले. या विभागणीचे महत्त्व वादातीत आहे. मात्र लेबल हे ठिकाण असे आहे की, तेथे शब्द आणि प्रत्यक्ष वस्त्र चार टाक्यांनी एकमेकांस जोडलेले असतात. आणि कच्चा टाका तर शब्दाविनाच बोलत असतो. वस्त्र घडविणाऱ्या हाताची ही भाषा शब्दरूप वस्त्राच्या अभ्यासात येत नाही. व्हेब्लेन पाहणाऱ्याकडे वळला, बार्थ लिहिणाऱ्याकडे. शिवणारा दोघांच्याही विवेचनात कडेला राहिला.

५

शिवणाऱ्याचा विचार अन्यत्र झालेला आहे. टॉमस कार्लाइलच्या ‘सार्टर रिसार्टस’ या १८३३–३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वस्त्रांचे तत्त्वज्ञान मांडताना शिंप्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि शिंप्याला पुरता मनुष्यही न मानणाऱ्या समाजावर तेथे उपरोधाचा मारा आहे. मराठी वाचकाला तर हा कर्ता अपरिचित नाही. गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या नामदेवांच्या एका पदात शिंप्याचा गज, कात्री, सुई आणि दोरा ही भक्तीची साधने होतात. म्हणजे शिवणाऱ्या हाताला स्वतःची वाणी आहे. तिच्याकडे लक्ष मात्र दिले पाहिजे.

या हाताच्या दृष्टीने पाहिले की राहिलेल्या टाक्याचा उलगडा होतो. कोट शिंप्याकडून शिवून घेण्याच्या पद्धतीत ग्राहक कच्च्या शिलाईतला कोट अंगावर घालून पाहत असे. पांढरे टाके त्याच्या डोळ्यांदेखत पडत आणि त्याच्या डोळ्यांदेखत निघत. हाती आलेल्या पुऱ्या कोटावर काढावयाचे असे काही उरत नसे. शेवटचा कच्चा टाका काढणे हा शिंप्याच्या कामाचाच भाग होता. तयार कपड्यांच्या व्यवहारात हे शेवटचे काम कारखान्याकडून सुटले आणि दुकानाने ते अंगावर घेतलेच असे नाही. ते न सांगता ग्राहकाकडे गेले. घडणीची एक पायरी हस्तांतरित झाली. तिच्याबरोबर जावयाचे ज्ञान मागेच राहिले. पाठीवरची फुली हा या तुटलेल्या साखळीचा अवशेष होय. तिचा दोष ज्याच्या माथी मारला जातो, तो त्या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत अनभिज्ञ दुवा असतो.

या ज्ञानाचे स्वरूप जपानी भाषेतील एका शब्दाने विशेष स्पष्ट होते. किमोनोच्या कडा बसाव्यात म्हणून घातलेल्या कच्च्या टाक्याला तेथे ‘शित्सुके’ म्हणतात. आणि मुलांना लावलेल्या शिस्तीलाही ‘शित्सुके’ हाच शब्द आहे. शिस्तीच्या अर्थी तो लिहिण्याचे एक चिन्ह जपानमध्येच घडविले गेले असून ‘देह’ आणि ‘सुंदर’ या दोन चिन्हांच्या संयोगाने ते बनले आहे. किमोनो प्रथम नेसण्यापूर्वी हा दोरा काढतात. तो जागेवर असलेला किमोनो न वापरलेला, असे समजले जाते. याला जोडून आणखी एक बारकावा आहे. काही समारंभी किमोनोंच्या कडेवर बारीक टाक्यांची अशीच एक ओळ घातलेली असते, ती मात्र शोभेची व घट्टपणासाठीची असून ती काढावयाची नसते. तात्पर्य, टाका काढावयाचा की ठेवावयाचा हे तेथेही शिकावेच लागते.

मराठीत कच्च्या टाक्याला असा दुहेरी शब्द नाही. परंतु कल्पना मराठीला परकी नाही. कापडाला वळण बसते आणि मुलालाही वळण लावतात. वळण लावणारा दोरा योग्य वेळी काढून घ्यावयाचा, आणि तो काढल्यावरही वळण टिकले पाहिजे, ही अपेक्षा दोन्हीकडे समान आहे. मात्र वळण कोणी तरी लावावे लागते. ज्याला कोणी वळण लावले नाही त्याला वळण नाही म्हणून हसणे, हा न्याय नव्हे.

६

वस्त्र दुकानातून घरात येते तेव्हा त्याचे स्वामित्व कसे पूर्ण होते, याविषयी मराठी व्यवहाराने काही संकेत सांभाळले आहेत. त्यांतील पहिला भाषेत आहे. नवे वस्त्र प्रथम वापरणे याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. घडी दुकानदाराची असते. ती मोडली की वस्त्र नेसणाऱ्याचे झाले. एकीच्या साडीची घडी प्रेमाने दुसरीला मोडावयास देतात, तेव्हा वस्तू न देताही तिच्या नवेपणाचा मान दिला जातो. ‘कोरे’ या विशेषणातही हाच विचार आहे. न धुतलेले कापड कोरे आणि न लिहिलेला कागदही कोरा. दोन्ही अद्यापि कोणाच्या हातचे झालेले नाहीत. अनेक घरांत नव्या वस्त्राच्या टोकाला कुंकवाचे बोट लावून मगच ते अंगावर घेतात. व्यापाऱ्याची खूण ज्या वस्त्रावर होती त्यावर आता घराची खूण उमटते.

दुसरा संकेत मुंबईच्या कापडबाजाराच्या इतिहासात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर रंगीत शिळाछापाची तिकिटे चिकटविलेली असत; त्यांवर देवदेवता, राजेरजवाडे, पशुपक्षी यांची चित्रे असत. पुढे येथील गिरण्यांनीही तशी तिकिटे काढली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही चित्रावरून माल ओळखता येत असे. ही तिकिटे कापडावरून काढून लोक जपून ठेवीत; पुष्कळ आज संग्राहकांकडे आहेत. व्यापाऱ्याने माल ओळखावा म्हणून लावलेले चित्र घरात आल्यावर निराळ्याच भावनेने पाहिले गेले. तिकीट काढावयाचे हे तर घेणाऱ्याला कळत होतेच, पण काढलेल्या तिकिटाचे काय करावयाचे हेही तो स्वतःच ठरवीत होता.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट निष्पन्न होते. सामान्य माणसाला वस्त्रावरील खुणा वाचता येत नाहीत, हा समज निराधार आहे. ज्या व्यवहारात तो पिढ्यान्‌पिढ्या वावरला त्यातील घडी, कोरेपणा आणि तिकीट यांचे अर्थ तो अचूक जाणतो. कोटाची चीर आणि तीवरची फुली या दुसऱ्या परंपरेतून आलेल्या गोष्टी आहेत. कोट आला, कोटाबरोबर त्याचा शिंपी व त्या शिंप्याने द्यावयाची शिकवण प्रत्येक घरी आली नाही.

७

या विवेचनाचे महत्त्व केवळ सैद्धान्तिक नाही. पहिल्यांदा कोट घालणारा मनुष्य तो बहुधा निर्णायक प्रसंगी घालतो : विवाहात, पदवीदान समारंभात किंवा नोकरीच्या मुलाखतीत. त्याच्या घरात त्याच्याआधी कोट कोणी वापरलेला नसेल, तर फुली काढावयाची हे त्याला सांगणारा कोणी नसतो. मुलाखतीच्या खोलीतून तो बाहेर पडताना त्याची पाठ परीक्षकांकडे होते आणि फुली दिसते. त्या क्षणी परीक्षक त्याच्या विषयज्ञानाची नोंद करून थांबला असेल, तर ठीक. परंतु फुलीवरून तो त्याच्या कुळाचा, संस्काराचा आणि म्हणून योग्यतेचा अंदाज बांधीत असेल, तर कॅरॉलच्या राजाप्रमाणे तोही खूण न वाचताच निकाल देत आहे. विद्यापीठांतील निवडमंडळांवर बसणाऱ्यांनी या वाचनदोषाची दखल घेणे उचित ठरेल. कारण अर्थ लावणे हा त्यांचाच व्यवसाय आहे.

संकेत मोडून काढावेत, असे या लेखाचे म्हणणे नाही. चिरेवरची फुली काढली म्हणजे कोट चालताना मोकळा राहतो आणि ज्या उपयोगासाठी चीर ठेवली तो साधतो. टाका काढण्याला घडणीतलेच सबळ कारण आहे. आक्षेप एवढाच की, घडणीविषयीची एक साधी माहिती कुलीनतेची कसोटी होऊन बसली आहे. माहिती सांगून देता येते. कसोटी म्हणून ती राखून ठेवली की तिचा उपयोग माणसे वगळण्यासाठी होतो. राहिलेला टाका ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने तो हसण्याचा विषय न करता त्या माणसाला बाजूस घेऊन सांगावे, आणि जवळ कात्री असल्यास ती द्यावी. शिंप्याच्या हातून सुटलेले काम त्यामुळे पुरे होते, आणि कोट ज्याचा त्याचा होतो.